उंबराला काय झालंय?

आमच्या धंद्यात रोगी बोलत नाही आणि रोग्याचे नातेवाईक गप्प बसत नाहीत. झाडाचं पान पिवळं पडलं की घरातल्या प्रत्येकाकडे कारण तयार असतं. शेजारणीची नजर लागली, खत जास्त झालं, ग्रहणात पाणी घातलं, नाहीतर ‘आमच्या सूनबाईंचा हात झाडांना मानवत नाही.’ हे सगळं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि मग पर्समधलं भिंग काढून पान उलटं करून बघायचं, हा माझा आयुष्यभराचा उद्योग. डोंबिवलीच्या एमआयडीसीत शेतीऔषधांच्या एका कंपनीची प्रयोगशाळा होती, तिथे मी पिकांच्या रोगांचं निदान करत असे. शेतकरी पिशवीत पानं, मुळं, माती घेऊन यायचे आणि कोणती बुरशी, कोणती कीड, ते मी सांगायची. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं की आता भाजी निवडतानासुद्धा अळीकडे बघायचं नाही. पण लोक सोडतात थोडेच! ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गच्च्या, बाल्कन्या आणि सोसायट्यांच्या बागा यांची आजारपणं माझ्या दारात येऊ लागली. घरात बसून यजमानांबरोबर टीव्हीवरच्या बातम्या बघण्यापेक्षा मला ती बरी वाटली.

अंकासाठी लिहा म्हणताना संपादकांना वाटलं असणार की बाई आपली हमखास निदानं सांगतील. तशी आहेत थोडीफार. पण मला लिहायचंय ते एका उंबराबद्दल, ज्याला नक्की काय झालं होतं ते मला अजूनही कळलेलं नाही. इतकी वर्षं काढल्यावर माणसाला सगळं स्पष्ट दिसायला लागतं म्हणतात. माझं उलटं झालंय. नोकरीला लागले तेव्हा मला सगळं येत होतं.

आधी थोडं शास्त्र सांगते. घाबरू नका, लेलेकाकांच्या गोळ्यांवरून सांगते.

डोंबिवलीत आमच्याच गल्लीत लेलेकाका राहतात. हृदयाचं दुखणं झाल्यापासून त्यांना रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी असते. त्यांच्या गच्चीतल्या गुलाबांवर भुरी आली, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं की ॲस्पिरिन गुलाबालाही चालते. काकांनी लगेच आपली गोळी तांब्यात विरघळवून गुलाबाला घातली. मग एक मला, एक गुलाबाला, असं सुरू झालं. गोळ्यांचं पाकीट वेळेआधी संपायला लागलं तेव्हा काकूंना वाटलं, हे विसरून दोनदा घेतात. त्या धास्तावून माझ्याकडे आल्या आणि मी काकांना विचारलं, तेव्हा हा प्रकार उघडकीला आला. काकूंनी जे ऐकवलं ते सोडून देऊ, पण भुरी खरोखरच कमी झाली होती. काका गल्लीभर छाती काढून फिरले. पुढच्याच महिन्यात त्या गुलाबांवर अळ्या पडल्या आणि त्यांनी झाडांचे नुसते खराटे करून टाकले. काका मला विचारतात, ‘कंपनीने गोळी बदलली की काय हो?’

गोळीचा दोष नव्हता. झाडाला मेंदू नाही, पळून जायला पाय नाहीत, हाक मारायला तोंड नाही. एका पानाला कळलेलं दुसऱ्या पानाला कळवायचं तर अगदी चिमूटभर द्रव्य तयार करून पाठवायचं, एवढीच त्याची सोय. शेतीवाले या द्रव्यांना संजीवकं म्हणतात, पुस्तकात संप्रेरकं म्हणतात. जिवंत पानाचा रस शोषणारी बुरशी आत शिरली की झाड सॅलिसिलिक आम्ल तयार करतं, आणि ॲस्पिरिन हे त्याचं सख्खं भावंड. अळीने पान कुरतडलं तर मात्र वेगळं द्रव्य निघतं, जास्मोनिक आम्ल. त्याचं नावच जाईवरून पडलंय, कारण त्याच्याच घराण्यातलं एक द्रव्य जाईच्या सुवासात सापडलं. आपल्याला सुवास वाटतो तो दुसऱ्या एखाद्या झाडाला ‘धावा, धावा’ असा ऐकू येत असणार, हे कळल्यापासून मी गजरा माळताना जरा बिचकते.

घोळ असा आहे की या दोन घंटा सहसा एकदम वाजत नाहीत. एक जोरात वाजली की दुसरी मंदावते. काकांनी बुरशीची घंटा इतकी बडवली की अळीची घंटा झाडाला ऐकूच गेली नसावी. ‘नसावी’ म्हणते, कारण त्या महिन्यात ॲस्पिरिन न घेणाऱ्या गुलाबांवरही अळ्या होत्याच. काकूंना मी एवढंच सांगितलं की गोळ्या कुलपात ठेवा.

दुसरी गोष्ट कल्याणच्या फुलवाल्याची. तो लग्नाच्या सजावटीसाठी ऑर्किड आणि कार्नेशनची फुलं आणायचा. एकदा माल एक दिवस आधीच आला. शेजारी मित्राची केळी पिकवायची खोली होती, गार आणि फुकट. याने फुलं तिथे नेऊन ठेवली. सकाळी बघतो तर कार्नेशन मिटलेली आणि ऑर्किडचा जमिनीवर सडा. रोग पडला म्हणून मला बोलावलं. मी दार उघडलं आणि केळ्यांचा वास आल्याबरोबर हसले. केळी पिकवायला वापरतात तो इथिलीन वायू झाडं स्वतःही बनवतात. फळाला तो सांगतो पीक, पानाला आणि फुलाला सांगतो गळून पड. फुलवाला डोक्याला हात लावून म्हणाला, ‘म्हणजे मॅडम, केळ्यांनी माझ्या फुलांना मारलं?’ मी म्हटलं, ‘मारलं नाही हो. तुमचं वय झालं, असं फक्त कळवलं.’

या दोन गोष्टींपर्यंत मी हुशार होते. आता उंबराकडे येते.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच झाली होती. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधल्या ऑफिसात मी कुंड्या बघायला जात असे. तिथे रोशेल नावाची मुलगी कामाला होती. ती म्हणाली, ‘मॅम, मागेच आमचं गावठाण आहे. तिकडे एक झाड आजारी आहे. जानेवारीत माझं लग्न आहे, त्याच्या आधी बघाल का प्लीज?’ झाडाचा आणि लग्नाचा संबंध काही मला लागेना.

टॉवरच्या मागे ख्रिस्ती शेतकऱ्यांची मोजकी घरं, एक क्रूस, एक जुनी विहीर आणि विहिरीच्या काठाला उंबर. पोर्तुगीज काळात धर्म बदलला, पण लग्नातले रिवाज त्यांनी सोडले नाहीत. रोशेलची आजी फिलोमिना, जिला गाव फिलूमाय म्हणतं, ती विहिरीच्या कठड्यावर बसून माझी वाटच बघत होती. विहिरीला ती बाव म्हणायची.

‘लगनाचे आदले दिशी आमी बाया बँड लावून बावीवर येतों,’ ती म्हणाली. ‘पानी काढतों. त्याला उंबराचा पानी बोलतांत. त्या पान्यान नवरीला न्हानतांत. माजे सासूला न्हानली, मना न्हानली, माजे सुनेला न्हानली. आता रोशेलची पाली, आन हा बग कसा उभा हाय.’

उंबराला एकही पान नव्हतं.

‘आदले सालाला एवरी उंबरां लागलेली, झाराचा खोर दिसत नव्हता. मी बोलली, पोरीचा लगीन जमतंय, झार खुशीत हाय. मना सांग डाक्टरबाय, झार जिता हाय का मेलाय?’

उत्तर द्यायच्या आधी मी झाडाभोवती एक फेरी मारली. कारण मला तेव्हा पहिली शंका आली. झाड अडचणीत असलं की कधीकधी भरमसाट फळतं. आपलं काही खरं नाही असं वाटल्यावर बी तरी सोडून जावं, असा काहीतरी हिशोब असतो. म्हणजे फिलूमायने जे शुभ मानलं होतं ती कदाचित झाडाची निरवानिरव होती. आणि आता पानं गळली म्हणून सगळे रडत होते, ती कदाचित मरणाची खूण नव्हती. पाणी कमी पडलं की झाड खर्च कमी करतं, आणि पान हा त्याचा सगळ्यात मोठा खर्च. पानं गाळणं म्हणजे जीव वाचवणंही असू शकतं. शिवाय उंबर तसाही थंडीच्या सुमाराला पानं गाळतो, हा फक्त जरा लवकर उघडा झाला होता. एकाच खुणेचे तीन अर्थ निघत होते.

साल नखाने खरवडून बघायची, ही आमची नाडीपरीक्षा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. विहिरीकडच्या बाजूला खरवडलं तर हिरवं निघालं. रस्त्याकडच्या बाजूला खरवडलं तर तपकिरी. एका फांदीतून पांढरा चीक आला, दुसरी कोरडी ठणठणीत. खोडाला बोट जाईल एवढी भोकं होती, खाली भुसा पडला होता, म्हणजे खोडकिडा. एका जखमेवर बुरशीही दिसली. मी भिंग बंद करून परत उघडलं. त्याने काय होणार होतं कुणास ठाऊक.

मग आवाजाकडे लक्ष गेलं. शेजारी नव्या टॉवरसाठी तळघर खणत होते, आणि खड्ड्यात भरणारं पाणी पंप लावून अखंड उपसून गटारात सोडत होते. विहिरीत डोकावले तर पाणी पार तळाला गेलेलं. इथे मला थोडा उलगडा झाला. मुळं तहानलेली असली की झाड ॲबसिसिक नावाचं संजीवक तयार करतं. ते पानांची बारीक छिद्रं बंद करून पाणी वाचवतं. पण पाण्याची बोंब सुरू असताना ते चोराची बोंब दाबून टाकतं, बुरशी आत शिरली तरी झाडाचं तिकडे लक्ष जात नाही. तहान आधी, चोर मागून, असं असावं. मी तसं सांगितलं. रोशेलचे वडील अँथनी हे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनवर काम केलेले गृहस्थ, त्यांना कारण आणि इलाज सरळ रेषेत लागतो. ते म्हणाले, ‘म्हणजे पाण्याचा प्रॉब्लेम. मग औषधांनी फरक का नाही पडला?’

‘कोणती औषधं?’

त्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लग्नघरी कुणी रिकाम्या हाताने येत नाही, तसं या झाडाकडेही कुणी रिकाम्या हाताने आलं नव्हतं, आणि कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं. मी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि एकेकाला बोलतं केलं. अँथनींनी खोडाच्या भोकांत सिरिंजने कीटकनाशक भरून वर माती लिंपली होती. रोशेलने लेलेकाकांसारखाच व्हिडिओ बघून ॲस्पिरिन घातली होती, तीही मूठभर.

‘तू गोळ्या टाकल्यास?’ अँथनी.

‘डॅडी, तुम्ही पॉयझन टाकलंत ते मला कुठे सांगितलंत?’

कोपरीहून आलेल्या रोशेलच्या मामांनी घसा खाकरला. त्यांनी वाढीचं टॉनिक आणलं होतं, ‘जरा हिरवंगार व्हावं म्हणून. फोटोत येतं ना.’ ही टॉनिकंही संजीवकंच असतात, पण ती झाडाला वाढ म्हणून सांगतात. दारात चोर आणि घरात दुष्काळ असताना कुणी घराला मजला चढवायला घेत नाही. मामांच्या आग्रहाखातर झाडाने मधे थोडी कोवळी पालवी काढली होती म्हणे, ती आठवड्याभरात किड्यांनी खाल्ली.

मी फिलूमायकडे बघितलं. ती म्हणाली, ‘मी काय केला नाय बाबा. मासली धुतलेला पानी तेवरा घातला, रोज.’

मला हसू आवरेना. आणलेल्या सगळ्या औषधांत झाडाला हवं होतं ते पाणी फक्त त्यातच होतं. पण हसून झाल्यावर लक्षात आलं की आता मला काहीच कळायचा मार्ग उरला नाही. एक सांगतोय लढ, दुसरा सांगतोय वाढ, तिसऱ्याने विष टोचलंय, आणि झाड स्वतः सांगतंय की गप्प बसा, पाणी जपा. यातलं रोगामुळे किती झालं आणि प्रेमामुळे किती, हे सांगायला कुठली प्रयोगशाळा आहे?

अँथनी उठून उभे राहिले. ‘मॅडम, सिंपल सांगा. जिवंत आहे की डेड आहे? लग्नाला इथे बाया येणार, बँडवाले येणार, पोरं नाचणार. ती फांदी बघा, बरोबर वाटेवर आहे. डोक्यात पडली तर? तुम्ही डेड म्हणा, मी परमिशन काढून कापून टाकतो. जिवंत म्हणा, राहू देतो. पण एक काहीतरी बोला.’

त्यांचं चुकत नव्हतं. चिडलेला बाप होता तो, आणि भीती खरी होती. फिलूमायही माझ्याकडे बघत होती. तिला त्या झाडाखाली नातीचं पाणी काढायचं होतं, आणि ते माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

‘मला माहीत नाही,’ मी म्हटलं.

‘मग तुम्हाला बोलावलं कशाला?’ अँथनी म्हणाले. रोशेल ‘डॅडी!’ म्हणून ओरडली, पण मला राग आला नाही. मलाही तोच प्रश्न पडला होता. इतक्या वर्षांत मी हे वाक्य गिऱ्हाइकासमोर क्वचितच उच्चारलं होतं. कंपनीत ते चालत नसे. बाटली विकायची तर रोगाला नाव लागतं.

शेवटी मी जे सुचलं ते सांगितलं. सगळी औषधं बंद. गोळ्या, टॉनिक, सिरिंज, सगळं. वाटेवरची फांदी तेवढी रीतसर परवानगी घेऊन उतरवा, कारण ती जिवंत असो वा मेलेली, धोक्याची आहे. बाकी झाडाला हात लावू नका. आणि शेजारी गटारात जाणारं पाणी इकडे वळवता आलं तर बघा. खाडीच्या बाजूला असं पाणी खारं असतं, म्हणून मी ते क्षार मोजायचं मीटर लावून तपासलं. डोंगराकडून येणारं होतं, गोडं निघालं. ज्याच्यासाठी झाड तळमळत होतं ते पाणी कुंपणापलीकडे गटारात वाहत होतं, आणि ते बघून मला त्या पंपवाल्यांचा, अँथनींचा आणि उगाचच स्वतःचाही संताप आला.

साइटवरचा इंजिनिअर आधी ऐकेना. मग फिलूमायने लग्नात करतात ते गव्हाचे फुगे तळले, डबा भरून लग्नपत्रिकेसकट त्याच्याकडे पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावरून एक निळा पाइप गावठाणात उतरला. दिवसातून काही वेळ तो उंबराच्या बुंध्याशी वाहायचा. पाणी फांद्यांच्या घेराखाली सगळीकडे पसरू द्या, बुंध्यात डबकं करू नका, एवढं मी बजावलं होतं. झाड पाणी पितं ते लांबवर पसरलेल्या बारीक मुळांनी.

फांदी उतरवली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. करवत निम्म्यात आली तोवर लाकूड कोरडंच होतं. अँथनी माझ्याकडे बघत होते, सांगितलं नव्हतं का, अशा नजरेने. मग एका कडेने हळूहळू दुधासारखा चीक पाझरायला लागला. फिलूमाय पुढे झाली, तिने तो बोटावर घेतला आणि आपल्या साठीच्या घरातल्या मुलाच्या गालाला लावला.

‘तुला गालगुंडा झालेली तवा याचाच चीक लावलेला. रातभर रडत व्हतास. इसरलास?’

अँथनींनी गाल पुसला नाही. करवतवाल्याला म्हणाले, ‘बास, एवढीच कापायची. बाकीच्याला टच करू नको.’

लग्नाच्या आदल्या दिवशी मी गेले होते. बायका लुगडी नेसून, बँडच्या मागे नाचत विहिरीवर आल्या. उंबराला अजूनही पान नव्हतं. विहिरीतून पहिली कळशी आली ती गढूळ, पण पाइपचं पाणी जमिनीत मुरून विहीर थोडी वर आली होती हे नक्की. पाणी फडक्याने गाळलं आणि गात घरी नेलं. उतरवलेल्या फांदीचा एक हिरवा तुकडा अँथनींनी मांडवाच्या दाराशी ओल्या मातीत रोवला होता. मांडवात उंबर लागतोच, आणि हा घरचा होता. वर बघत उभी राहिलेली मी एकटीच असेन. बँड वाजत होता आणि माझं सगळं लक्ष एखादी फांदी कडाडते का, इकडे. काही झालं नाही. कुणीतरी मला ओढून नाचायला लावलं.

लग्नानंतर काही आठवड्यांनी रोशेलने फोटो पाठवला. मांडवातल्या त्या तुकड्याला पालवी फुटली होती. घरभर आनंदीआनंद झाला, फिलूमायने शेजाऱ्यांना गोड वाटलं. मी फोनवर ‘वा!’ म्हटलं आणि ठेवून दिला, कारण मला आनंद होईना. कापलेलं लाकूडही पालवतं. आतल्या शिदोरीवर चार पानं काढतं आणि शिदोरी संपली की वाळतं. खाली मुळं फुटली असतील तर जगेल, नाहीतर ती पालवी म्हणजे निरोपच. हे त्यांना सांगावं की नाही, मला ठरवता येईना. मार्चमध्ये मोठ्या झाडावरही थोडी पालवी आली आणि उन्हाळ्यात करपून गेली. मांडवातला तुकडाही तेव्हाच सुकला. रोशेलने फोटो पाठवणं थांबवलं आणि मी विचारणं टाळलं. घोडबंदर रोडला गेले तरी त्या टॉवरच्या मागे वळायचं धाडस झालं नाही. मेलेलं बघायची सवय आहे मला, पण त्या झाडाच्या बाबतीत ‘मेलं’ हा शब्द मला माझ्या तोंडून निघायला नको होता.

पावसाळा सरत आला. सप्टेंबरात, त्यांच्या वांद्र्याच्या मोत माऊलीच्या सणाच्या दिवसांत, फोन वाजला. पलीकडे फिलूमाय, भयंकर चिडलेली.

‘डाक्टरबाय, तू कवा येतंस? उंबराव ही सुरवंटां परलीत! केसवाली, कालीं कालीं. पानां खाऊन चालन केलीन सगल्यांची. मी अँथनीला बोलली औषध मार, तर तो बोलतो मॅडमनी हात लावू नको बोललंय. आता काय करू सांग.’

मी खुर्चीवर बसले. आयुष्यभर सुरवंट मारायची औषधं सांगितली मी. पान कुरतडलं की झाड आतून कडू होतं, अळीचं पोट बिघडवणारी द्रव्यं तयार करतं, पण त्यासाठी ती जाईच्या नावाची घंटा आधी वाजावी लागते. आणि ती वाजायला आधी पानं लागतात.

‘फिलूमाय, किती पानांना भोकं पाडलीत?’

‘सगल्यांना! वरशी खालपावत!’

‘वरपासून खालपर्यंत पानं आहेत?’

‘हायेत म्हनून तं खातांत ना! तुला कलत कसा नाय?’

‘मग खाऊ द्या त्यांना. काही मारू नका. झाड बघून घेईल त्यांचं.’

 फोन चालू होता, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग तिने फोन कानापासून बाजूला धरला असावा, कारण आवाज लांबून आला, मोठ्याने, घरात कुणालातरी उद्देशून.

‘अँथनी! ए अँथनी! झार जिता हाय रे!’